खेळ बंद असू दे, मैदान उघडं हवं

लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांमध्ये एक भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. एक पक्ष म्हणतो, ‘लिनक्स घेऊन त्यावर बंद सॉफ्टवेअरच चालवायचं, तर विंडोजने काय घोडं मारलं होतं?’ दुसरा म्हणतो, ‘चालतंय ना? मग कोड उघडा की बंद, काय फरक पडतो?’ मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यातलं बरंचसं बंदच असतं, आणि रात्री लिनक्सवर गेम खेळतो. मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. दुसरा मात्र धोकादायकही वाटतो.

आधी पहिल्याबद्दल. गेम म्हणजे नुसता कोड नसतो. त्यात चित्रं असतात, संगीत असतं, गोष्ट असते. कादंबरी विकत घेताना ती कुणालाही बदलू द्यावी अशी अट आपण लेखकाला घालत नाही. रिचर्ड स्टॉलमनसारखा कडवा माणूसही गेममधली कला आणि गेमचं सॉफ्टवेअर यांत फरक करतो. आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये ‘डूम’चा कोड खुला केला, पण त्यातले नकाशे, चित्रं, आवाज विकत घ्यावे लागतच राहिले. कंपनी काही त्यामुळे बुडाली नाही, आणि १९९३चा तो गेम आजही वाटेल त्या यंत्रावर चालतो. तेव्हा गेम बनवणाऱ्याने पैसे घ्यावेत, आपली कला राखून ठेवावी. माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गेमच्या खालच्या थरांबद्दल. ग्राफिक्स कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर आणि त्याखालचा कर्नल हे मैदान आहे. ते कुणा एकाच्या खिशात असलं की ‘चालतंय ना’ हे उत्तर त्याच्या मर्जीपुरतंच खरं असतं.

उदाहरण घरातलंच घ्या. २०१७च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या पोरांनी आईबापांना पटवून घेतलेले ‘गेमिंग’ लॅपटॉप आठवा: सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. आज ते धाकट्या भावंडांकडे आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. एखाददुसरा अपवाद सोडला तर विंडोज ११ सातव्या पिढीला अधिकृतपणे दारात उभं करत नाही. मग लिनक्स टाका म्हणावं, तर एनव्हिडियाने ५८० ही ड्रायव्हरमालिका या कार्डांसाठी शेवटची ठरवली. सुरक्षेच्या दुरुस्त्या काही काळ येतील, पण कर्नल पुढे जात राहणार आणि हा ड्रायव्हर मागे पडणार.

‘मग समाजाने लिहावा ना ड्रायव्हर!’ लिहिलाय की. त्याचं नाव नूव्हो. पण या पिढीची कार्डं कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय आपला वेग वाढवू देत नाहीत. त्यामुळे नूव्होवर चांगलं धडधाकट कार्ड रांगत चालतं. हार्डवेअर तुमचं, पावती तुमच्या नावाची, किल्ली मात्र त्यांच्याकडे.

आता दुसरी बाजू पाहा. एएमडीची रेडिऑन एचडी ७९७० आणि तिच्या भावंडांची पिढी २०१२च्या आसपासची, म्हणजे जीटीएक्स १०५० पेक्षा चारेक वर्षांनी जुनी. त्यांचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे. म्हणून २०२५ मध्ये व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या एका अभियंत्याला त्यात हात घालता आला आणि ही कार्डं नव्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर नीट चालतील अशी सोय झाली. एएमडीच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात ती कार्डं केव्हाच मेली होती. कोड उघडा होता म्हणून ती जगली. ‘काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

एनव्हिडियाने काहीच केलं नाही असंही नाही. २०१२ मध्ये फिनलंडमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवल्यानंतर दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कंपनीने कर्नलमधला आपला भाग खुला केला. पण तो ट्युरिंग म्हणजे २०१८ आणि त्यानंतरच्या कार्डांसाठीच. त्यावरचा, खरं चित्र काढणारा भाग अजून बंदच आहे. याच कंपनीचं मोठं केंद्र आपल्या येरवड्यात आहे. तिथे नोकरी लागली की पेढे वाटले जातात, आणि वाटावेतही. पण त्याच गावात त्या कंपनीचं चालू स्थितीतलं कार्ड भंगारात निघतं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

दुसरा धोका अँटी-चीटचा. ‘व्हॅलोरंट’चं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, यंत्र सुरू झाल्यापासून. लिनक्सवर तो गेम चालत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता. ईएने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं, कारण दिलं लबाडीचं. लबाडी खरी आहे, तिचा त्रासही खरा आहे. पण एका गेममधली लबाडी पकडायला माझ्या बँकेचं आणि ऑफिसचं काम चालतं त्या यंत्राच्या गाभ्यात न तपासता येणारा कोड बसवायचा, हा सौदा कुठला? संशय असेल तर तुमच्या सर्व्हरवर तपासा. माझ्या घराची झडती कशाला?

याउलट व्हॉल्व्हचा प्रोटॉन बघा. ही कंपनी काही संत नाही, तिचं स्टीम दुकान बंदच आहे. पण विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन १९९३ पासून चालत आलेल्या वाइन या खुल्या प्रकल्पावर उभा आहे आणि २०१८ पासून स्वतःही बहुतांशी खुला आहे. उद्या व्हॉल्व्हने तो सोडला तरी दुसरा कुणी उचलू शकतो. दुकान बंद, रस्ता उघडा. एवढ्यावर मी समाधानी आहे.

म्हणून माझं मागणं मोजकं आहे. गेम बंद ठेवा. ड्रायव्हर उघडा करा. आणि ज्या दिवशी एखाद्या कार्डाचा आधार काढाल, त्या दिवशी त्याची किल्ली ते विकत घेणाऱ्याच्या हातात द्या. कंपन्या हे आपणहून करणार नाहीत. तेव्हा पुढचा लॅपटॉप घेताना दुकानदाराला ‘किती एफपीएस?’ याच्या आधी एक प्रश्न विचारा: ‘याचा ड्रायव्हर खुला आहे का?’ त्याला उत्तर येणार नाही. दहाव्या गिऱ्हाइकाने विचारलं की तो शोधून ठेवेल.