छायाचित्रांतील रंगांचें माप

सण वा समारंभ आला, कीं कळवणच्या परिसरांत हल्ली घरोघरीं छायाचित्रें निघतात. सप्तशृंगगडावरील देवीचा शेंदूर, शेतांतील कांद्याची हिरवी पात, संमेलनांतील मुलांचे पोशाख, हें सारें त्यांत येतें. परंतु तींच चित्रें संगणकांतून एक्सपोर्ट करून दुसऱ्यास धाडलीं, कीं कधींकधीं फिकीं दिसतात, आणि बोल मात्र कॅमेऱ्यास लागतो. आमच्या मतें अशा वेळीं दोष पुष्कळदां मापाचा असतो.

डिजिटल चित्रांत रंग नसून अंक असतात. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन अंक, बहुधा ० ते २५५ पर्यंतचे. पण नुसतें 'पांच' म्हटल्यानें धान्य किती हें कळत नाहीं. पांच शेर कीं पांच पायल्या, हें सांगावें लागतें. तें सांगणारी चिठ्ठी म्हणजे कलर प्रोफाइल होय. 'एसआरजीबी' हें माप एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनीं १९९६ सालीं पुढें मांडलें व १९९९ सालीं तें आंतरराष्ट्रीय मानक झालें. १९९८ सालचें 'अॅडोब आरजीबी' त्याहून विस्तृत, विशेषतः हिरव्या रंगांत. पायलीनें मोजलेला अंक शेराचा म्हणून वाचला, तर धान्य कमी भरतें; तसेंच मोठ्या मापाचें चित्र लहान मापानें वाचलें, कीं शेंदूर फिका पडतो.

म्हणून मोठें तेंच चांगलें, हा समज विद्यार्थ्यांनीं सोडावा. चित्र घेणाऱ्याच्या मापांत द्यावें. पडद्यावर पाहावयाचें चित्र एसआरजीबींत रूपांतरित करावें व प्रोफाइल जोडण्याची खूण करावी. अंक तेच ठेवून नुसती चिठ्ठी बदलणें म्हणजे रूपांतर नव्हे. छापखान्यांत चार शाया असतात. तेथें काय हवें, हें आधीं विचारावें. रूपांतरांत कांहीं गडद छटा गमावतात, हें खरें. यास्तव मूळ फाइल कधींही पुसूं नये.

ही काळजी क्षुल्लक नव्हे. २०२२ सालीं देवीच्या मूर्तीवरील शेंदराचा जुना थर उतरविण्यांत आला. त्यापूर्वींचें रूप आतां छायाचित्रांत व भाविकांच्या स्मरणांतच उरलें आहे. ज्या मुलांनीं तें पाहिलें नाहीं, त्यांना चित्र सांगेल तोच रंग खरा वाटणार. घरांतील जुनीं चित्रें मुलांच्या हातीं देतांना पालकांनीं एवढें अवश्य पाहावें, अशी आमची विनंती आहे.