गॅसवाहिनीच्या कागदावर सही करण्याआधी: पाली पंचक्रोशीतील जमीनमालकांना आवाहन



पाली हे तिठ्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग इथून लांज्याकडे वळतो आणि नाणीज, साखरपा, आंबा घाटमार्गे कोल्हापूरला जाणारा रस्ता इथूनच सुटतो. एका बाजूला जयगडचे बंदर आहे. शास्त्री खाडी ओलांडली की गुहागर तालुक्यात दाभोळचे एलएनजी टर्मिनल आहे. किनाऱ्यावर उतरलेला गॅस दक्षिणेला किंवा घाटावर न्यायचा तर वाटेत कोकणातले सडे, मळे आणि कलमांच्या बागा येतातच. म्हणून कुणी मोजणीला दारात येण्याआधीच पाली पंचक्रोशीने आपले म्हणणे पक्के केले पाहिजे.

ते म्हणणे असे: वाहिनी बागेतून कायमची जाणार असेल तर मोबदला दरवर्षी मिळाला पाहिजे. बाजारभावाच्या 10 टक्क्यांवर होणारी एकरकमी बोळवण आम्हाला मान्य नाही.

हा गॅस येतो कुठून?

आपल्या जांभ्याखाली बसाल्ट आहे. शेल गॅससाठी इथे कुणी विहीर खोदणार नाही. पण शेल गॅस रत्नागिरी जिल्ह्यात कधीच येऊन पोचला आहे. केंद्र सरकारच्या ‘गेल’ कंपनीने 2011 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ईगल फोर्ड शेल क्षेत्रात 20 टक्के वाटा विकत घेतला. त्याच वर्षी तिने शेनिएर कंपनीशी वर्षाला 35 लाख टन द्रवरूप गॅस 20 वर्षे घेण्याचा करार केला. या कराराचे पहिले जहाज लुइझियानातील सॅबिन पासहून निघाले आणि 30 मार्च 2018 रोजी दाभोळला लागले. स्वागताला केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हजर होते.

शेल हा पातळ थरांचा, घट्ट खडक. त्यातला गॅस आपोआप वर येत नाही. आधी हजारो फूट खाली सरळ आणि मग आडवी विहीर खोदतात. त्यात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडतात. एका विहिरीला अर्ध्या कोटीपासून काही कोटी लिटरपर्यंत पाणी लागते. वर येणारे खारट, दूषित पाणी पुन्हा जमिनीत खोल सोडावे लागते. फ्रान्सने 2011 मध्ये खडक फोडण्याची ही पद्धत कायद्याने बंद केली. डिसेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यानेही तिला मज्जाव केला. अमेरिकेतल्या जमिनीतून निघालेला हा गॅस उणे 162 अंशांपर्यंत थंड करतात, जहाजात भरतात, दाभोळला त्याचा पुन्हा वायू करतात आणि सुमारे 1000 किलोमीटरच्या दाभोळ-बंगळुरू वाहिनीतून सह्याद्रीपलीकडे पाठवतात. 2013 मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीच्या एका टोकाला बंगळुरूचे कारखाने आहेत आणि दुसऱ्या टोकाला आपला जिल्हा. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक वाड्यांवर आजही सिलिंडरची गाडी यावी लागते.

कंपन्या येतात आणि जातात

दाभोळचा इतिहास आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. जून 1992 मध्ये वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी प्राथमिक करार झाला. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांनी विरोध केला. 1997 मध्ये वेलदूरच्या बायाबापड्यांवर पोलीस चालून गेले. त्या दडपशाहीची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने 1999 मध्ये केली. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत वीज मंडळाने महाग वीज घेणे थांबवले आणि डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉनचे दिवाळे निघाले. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी केली. कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा गॅस आटल्यावर तोही प्रकल्प 2013 च्या अखेरीपासून जवळजवळ दोन वर्षे बंद राहिला. टर्मिनल 2013 मध्ये सुरू झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाजे लागत नव्हती. जयगडला एप्रिल 2021 मध्ये ‘होएग जायंट’ हे तरंगते टर्मिनल मोठ्या गाजावाजाने आले आणि काही काळाने निघूनही गेले.

शेलच्या धंद्यातही हेच दिसते. रिलायन्सने 2010 मध्ये अमेरिकेतल्या शेल गॅसमध्ये तीन भागीदाऱ्या केल्या आणि 2021 पर्यंत सगळ्यांतून पाय काढला. कंपन्यांना हे परवडते, कारण वाटा विकता येतो. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढलेली नोंद मात्र विकून मोकळे होता येत नाही. कंपनी बुडो, विकली जावो की गॅस महाग होऊन वाहिनी रिकामी पडो, बंधन आपल्याच जमिनीवर राहते. ज्याची जोखीम कायमची, त्याचा मोबदला एकदाच कसा असू शकतो?

1962 चा कायदा काय सांगतो

पाईपलाईनसाठी पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांचा 1962 चा केंद्रीय कायदा लागू होतो. त्यानुसार सरकार जमीन घेत नाही, तिच्या वापराचा हक्क घेते. जमीन तुमच्या नावावर राहते, शेतसारा तुम्हीच भरता. मात्र त्या पट्ट्यात तुम्हाला घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. या कायमच्या बंधनासाठी अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम मिळते. तोडलेल्या झाडांचे आणि पिकाचे नुकसान वेगळे.

पठारावर भात, ज्वारी किंवा ऊस घेणाऱ्याला वाहिनी पुरल्यावर पुढच्या हंगामात पेरणी करता येते. कोकणात तसे नाही. इथे उत्पन्न झाडाचे आहे. मोठ्या वाहिनीचा पट्टा 30 मीटर रुंद आणि तुमच्या बागेतून 100 मीटर लांब गेला तर सुमारे 30 गुंठे अडकतात. दहा मीटर अंतराच्या जुन्या लागवडीत तेवढ्यात 30 हापूस कलमे असतात. कलम धरायला लागायला पाच-सात वर्षे जातात आणि नंतर ते दोन पिढ्यांना पोसते. तिथे पुन्हा कधीच कलम लावता येणार नसेल तर त्या जमिनीत आपल्या उपयोगाचे काय उरले? भाताच्या खाचरासाठी केलेला हिशेब हापूसच्या बागेला लावणे हा उघड अन्याय आहे.

महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी हा फरक ओळखावा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक लागतो आणि वर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. वाहिनीसाठी जमीन ‘संपादित’ होत नाही, एवढ्या कारणाने आपल्याला 10 टक्क्यांवर ठेवले जाते.

टँकर आणि वाहिनी: दोन वेगळे धोके

वाहिनी आली की रस्त्यावरचे टँकर जातील, असे तुम्हाला सांगितले जाईल. टँकरच्या भीतीत आपण रोज राहतो. सप्टेंबर 2022 मध्ये अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि चालकाचा जीव गेला. जुलै 2025 मध्ये हातखंब्याला टँकर उलटला आणि लोकांना रात्री घरे सोडावी लागली. अंजणारी आणि हातखंबा यांच्या मधोमध पाली आहे. पण हे टँकर एलपीजीचे आहेत आणि दाभोळचा गॅस हा नैसर्गिक वायू आहे. एकाची वाहिनी आल्याने दुसऱ्याचे टँकर कमी होत नाहीत. टँकरसाठी वेगमर्यादा, ठरलेल्या वेळा आणि आपत्कालीन पथक ही मागणी स्वतंत्रपणे लावून धरली पाहिजे.

वाहिनी टँकरपेक्षा सुरक्षित असते हे खरे, पण देखभाल असेल तरच. 27 जून 2014 रोजी आंध्रातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम गावी गेलच्या वाहिनीचा स्फोट होऊन 20 हून अधिक माणसे मेली. आणि धोका फक्त वाहिनीचाच नाही: डिसेंबर 2024 मध्ये जयगडजवळ नांदिवड्याच्या शाळेतली मुले वायूच्या त्रासाने अस्वस्थ होऊन रत्नागिरीच्या रुग्णालयात दाखल झाली. ती आपल्याच तालुक्यातली मुले होती.

नुसता नकार की अटी?

तामिळनाडू सरकारने शेतातून गेलची वाहिनी नको, महामार्गाच्या कडेने न्या, अशी भूमिका घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये निकाल गेलच्या बाजूने लागला. केरळात मुक्कमच्या लोकांनी रस्त्यावर उतरून नोव्हेंबर 2017 मध्ये सरकारला भरपाई वाढवायला लावली. 10 सेंट, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांपर्यंत जमीन असलेल्यांना 5 लाख रुपयांची खास मदत जाहीर झाली. कायदा तोच होता. लोक एकत्र आणि वेळेत उठले म्हणून सरकार हलले.

आमच्या मागण्या:

1. वापरहक्कासाठी दरवर्षी भाडे द्यावे आणि ठरावीक वर्षांनी ते वाढवावे.
2. आंबा, काजू, नारळ, सुपारी यांची किंमत झाडाच्या उरलेल्या उत्पन्नाच्या वर्षांवर ठरवावी.
3. मार्ग आखताना आधी रस्त्याची कडा आणि सरकारी जमीन तपासावी. बाग सर्वांत शेवटी.
4. मराठीतला नकाशा आणि गट नंबरांची यादी ग्रामसभेत ठेवावी. चाकरमानी गावी असताना, गणपतीत किंवा शिमग्याला, ही सभा घ्यावी.
5. वाहिनी ज्या गावातून जाईल तिथल्या घरांना नळाचा गॅस प्रथम मिळावा.
6. पालीच्या सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांवर उपचारांची सोय आणि पंचक्रोशीसाठी अग्निशमन गाडी असावी.
7. वाहिनी बंद पडल्यास कंपनीने स्वखर्चाने सातबाऱ्यावरची नोंद काढून द्यावी.

राज्याचे उद्योगमंत्री उदय सामंत हे आपल्या पालीचेच. बागायतदाराला भाडे मिळावे यासाठी 1962 च्या कायद्यात दुरुस्ती करावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा आणि तोवर केरळसारखी वाढीव मदत द्यावी, ही मागणी त्यांच्यापुढे मांडण्याचा पहिला हक्क आपला आहे.

आता प्रत्येकाने काय करायचे

आपला सातबारा आजच काढा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात. निम्मे हिस्सेदार मुंबईत आणि काही मयतांची नावेही तशीच. वारस नोंदी करून घ्या. अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त 21 दिवस मिळतात. तेवढ्यात डोंबिवलीचा चुलता आणि विरारचा पुतण्या एकत्र आले नाहीत तर मुदत संपते. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणी मागा. राहत्या घराखालून, घराच्या आवारातून, पक्क्या बांधकामाखालून किंवा एक मीटरपेक्षा कमी खोलीवर वाहिनी टाकता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. घर आणि खळे अधिसूचनेआधीचे असल्याचे पुरावे जपून ठेवा. प्रत्येक कलमाचा फोटो काढा आणि पंचनाम्यात वय व उत्पन्न लिहून घ्या. कायद्यात झाडाबरोबर कमाईच्या नुकसानीचाही विचार आहे, म्हणून वाशीच्या दलालांच्या पट्ट्या फेकू नका. रक्कम कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर कुणीही सही करू नका. एकट्या-दुकट्याने आगाऊ रक्कम घेऊ नका. एकाने कमी दरात मान्यता दिली की शेजाऱ्यालाही तोच दर दाखवला जातो.

प्रत्येक वाडीने आपली यादी करावी, येत्या ग्रामसभेत वार्षिक भाड्याचा ठराव मांडावा आणि तो एकमताने मंजूर करावा. ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि उद्योगमंत्र्यांच्या कार्यालयात पोचवावी. जमीन आपली आहे. तिचा वापर कुणाला हवा असेल, तर त्याने वर्षाचे भाडे मोजावे.

आपले,
पाली पंचक्रोशीतील बागायतदार व जमीनमालक

(वाचा, शेजाऱ्याला द्या, मुंबईच्या भावकीला पाठवा.)