क्रमांक तोच, खर्च निराळा

मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. त्यासाठीचे शुल्क तेव्हा जास्तीत जास्त १९ रुपये होते. २०१८ मध्ये ते ४ रुपयांवर आणले गेले. पुढेही ते किरकोळच राहिले. मग पैसे जातात कुठे?

वर्षभराचे रिचार्ज करून चौथ्या महिन्यात कंपनी बदलली, तर उरलेल्या आठ महिन्यांची मुदत व शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही. दुकानाचे पाच क्रमांक असतील तर हा तोटा पाचपट. आणि तो कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून खातेवहीतही चढत नाही.

पोस्टपेडमध्ये धोका अधिक. जुने बिल थकलेले असेल तर बदलाची मागणीच नाकारली जाते, ते ठीक. परंतु चालू महिन्याचे बिल क्रमांक गेल्यानंतर निघते. संबंध संपला असे समजून अनेक जण ते बाजूला ठेवतात. ते न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत क्रमांक बंद करवू शकते. ज्या क्रमांकावर गिऱ्हाइकांची मागणी, बँकेचा ओटीपी आणि यूपीआय चालते, तो एक दिवस बंद राहिला तरी पेढी अडते.

१९०० वर संदेश पाठवून मिळणारा संकेतांक महाराष्ट्रात चार दिवसच चालतो. तो रिचार्जची मुदत संपत आल्यावरच मागवावा. पोस्टपेडसाठी अनामत भरली असल्यास शेवटचे बिल चुकते करून तिचा परतावा लेखी मागावा. पावती जपलेली असली म्हणजे झाले.