चहा प्यावा, पण केव्हा?

"चहा पिऊ नकोस, काळा होशील!" हे वाक्य लहानपणी ऐकले नाही, असा विद्यार्थी आपल्याकडे सापडणे कठीण. गंमत अशी, की हे सांगणाऱ्या आजीच्या हातात त्या वेळी बहुधा चहाचीच कपबशी असते! चहाने कातडीचा रंग बदलत नाही, हे तुम्हांलाही ठाऊक आहे. मग आजीचे बोलणे हसण्यावारी न्यावे काय? माझ्या मते, नाही. तिचा सल्ला बराचसा बरोबर आहे, कारण तेवढे चुकीचे आहे. खरे कारण शोधणे हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे काम.

चहा-कॉफीतील तरतरी आणणारे द्रव्य म्हणजे कॅफीन. रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते व झोपेची वर्दी देते. कॅफीन ॲडेनोसीनच्या जागा अडवून बसते. वर्दी पोहोचत नाही, म्हणून ताजेतवाने वाटते. थकवा मात्र होता तेथेच असतो!

आता थोडे गणित करू. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तर तेवढ्याच बियांच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. प्रौढ माणसाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सुमारे ५ तास लागतात. समजा, परीक्षेच्या आदल्या रात्री १० वाजता तुम्ही ५० मिलिग्रॅम कॅफीन घेतले, तर पहाटे ३ वाजताही त्यातले सुमारे २५ मिलिग्रॅम शरीरात असणार. वाचलेले मेंदूत पक्के होण्यास झोप लागते. तीच मोडून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन सुरक्षित मानले. मुलांसाठी मात्र वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम असेल, तर १३५ मिलिग्रॅम झाले. कडक चहाचे दोन कप घेतले, की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, कोऱ्या चहात हिराकसाचे दोन-तीन खडे टाकून पाहा. चहा काळा पडतो. (तो पिऊ नका!) हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, ती याच तत्त्वावर. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाशी संयोग पावतात. पोटातही तसेच घडते आणि भाजी-भाकरीतील लोह रक्तात नीट शोषले जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींना पंडुरोग आढळला. याचा सारा दोष चहाचा नव्हे. पण मुळात आहारात लोह कमी आणि त्यात सकाळी चहा-पोळी, असे झाले तर मिळणारे थोडे लोहही वाया जाते. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. जेवताना लिंबू पिळावे. त्याने लोहाचे शोषण वाढते.

चहा-कॉफी विष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९१ साली कॉफीवर कर्करोगाचा संशय घेतला गेला होता. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पुरावा पुन्हा तपासून तो मागे घेतला. संशय उरला तो ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेयांवर, मग ते कोणतेही असो. बशीत ओतून, निववून चहा पिणारे आजोबा शहाणेच म्हणायचे!

तेव्हा मित्रांनो, चहा हवाच असेल तर एखादा कप, जेवणापासून दूर आणि संध्याकाळच्या आत घ्या. न्याहारीच्या जागी चहा नको. शाळेत मिळणारी लोहाची गोळीही चहाबरोबर नको. शिक्षकांना एक विनंती: "चहा वाईट" असे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा हिराकसाचा प्रयोग वर्गात करून दाखवा. काळा झालेला तो पेला मुले विसरणार नाहीत. आणि घरी गेल्यावर आजीलाही सांगा, "चहाने मी काळा होत नाही, पण माझे लोह मात्र काळे होते!"