नक्षी मुसलमान, कारागीर बेनाम

आपल्याकडची कुठलीही लग्नपत्रिका घ्या. कडेला आठ टोकांच्या चांदण्या, एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या, कोपऱ्यात कमान. तीच नक्षी इफ्तारच्या बॅनरवर, तीच मदरशाच्या वार्षिक अहवालावर. सोलापुरात छापखान्यात बसलेला पोरगा कॉम्प्युटरवर ‘इस्लामिक बॉर्डर’ टाइप करतो, समोर शंभर नमुने येतात, त्यातला एक उचलतो. अशा नमुन्यांचा माग काढत मागे मागे गेलं तर वाट कैरो किंवा ग्रॅनाडापर्यंत पोचण्याआधी बऱ्याचदा लंडनमध्ये थांबते. तिथे ओवेन जोन्स नावाचा वास्तुकार भेटतो. स्पेनमधल्या अलहंब्रा महालाची मापं घेऊन त्यानं 1842 ते 1845 या काळात त्यावर मोठा ग्रंथ छापला आणि 1856 मध्ये ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ काढला. जगभरच्या नक्षीचे शंभर रंगीत पट. आजचे किती तरी ‘फ्री व्हेक्टर’ या आणि अशाच एकोणिसाव्या शतकातल्या चित्रसंग्रहांची नातवंडं आहेत.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पुस्तक सुंदरच आहे. मला खटकतं ते वेगळंच. आपण स्वतःला ज्या चित्रांतून ओळखतो त्यांची मांडणी कुणी केली आणि कुठल्या रकान्यांत केली, हे आपण कधी विचारत नाही.

त्या काळात चित्र छापणं म्हणजे काय होतं ते आधी पाहू. वर्तमानपत्रात फोटो छापायची सोय यायची होती. बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे झाडाच्या वयाची वर्तुळं दिसतात त्या बाजूला, बारीक हत्यारानं रेघा कोरत. ठशाची उंची अक्षरांच्या खिळ्यांइतकीच ठेवत, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापून निघे. या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी छोटे ठोकळे बोल्टनं जोडत. घाई असली की ठोकळे सुटे करून पाच-सहा कोरणाऱ्यांत वाटत आणि रात्रीतून पुन्हा जोडत. (आमच्या धंद्यात याला पॅरलल प्रोसेसिंग म्हणतात आणि वर पगारवाढ मागतात.) जुन्या चित्रात मधूनच आडवी-उभी पांढरी रेघ दिसते ना, ती या ठोकळ्यांमधली फट. चित्राच्या तळाशी एका कोपऱ्यात रेखाटणाऱ्याचं नाव असतं, दुसऱ्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं.

पण चित्रात जी वस्तू आहे ती कुणी घडवली?

1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभारून जगभरच्या उद्योगांचं प्रदर्शन भरलं. साठ लाखांहून जास्त वेळा लोकांनी तिकीट काढलं. ‘आर्ट जर्नल’ या मासिकानं त्याचा सचित्र कॅटलॉग काढला. खुर्च्या, कपाटं, चांदीची भांडी, गालिचे, पानोपानी कोरीव चित्रं. इंग्रजी किंवा फ्रेंच कपाट असेल तर ते कुठल्या कारखानदाराचं हे लिहिलेलं. भारतीय दालन मात्र ईस्ट इंडिया कंपनीनं मांडलेलं. त्रावणकोरच्या महाराजांनी राणीला पाठवलेलं हस्तिदंती सिंहासन तिथे होतं, महाराजांचं नाव होतं. हस्तिदंत कोरणाऱ्या हातांची ओळख देण्याची गरज कुणाला वाटली नाही.

आता आपल्या भागातला माणूस. जॉर्ज बर्डवूड, जन्म 1832, बेळगाव. पेशानं डॉक्टर, पण जीव रमला वस्तूंमध्ये. मुंबईच्या सरकारी संग्रहालयाचं काम त्यानं पाहिलं. भायखळ्याचं जे संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जातं, 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं, ते उभं राहण्यात त्याचा मोठा वाटा होता. 1880 मध्ये त्यानं ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ लिहिलं. नकाशा आणि लाकडी ठशांची चित्रं असलेलं हे पुस्तक आजही हस्तकलेवरच्या अभ्यासात सापडतं. बर्डवूडला आपल्या कारागिरांबद्दल मनापासून आदर होता आणि गिरण्यांच्या मालाबद्दल मनापासून तिटकारा. पण पुस्तकाची रचना बघा. पहिला भाग हिंदू देवतांचा, भांडी-कापड-दागिने दुसऱ्या भागात. म्हणजे तांब्या बघायच्या आधी देव बघायचा. या मांडणीत हिंदुस्थानी कारागिरी धर्मातून उगवते आणि मुसलमान त्यात बाहेरून आलेली ‘शैली’ म्हणून शिरतो. तो हात म्हणून क्वचित दिसतो, नक्षी म्हणून दिसतो.

इमारतींचंही तसंच. जेम्स फर्ग्युसननं 1876 मध्ये भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिला, शेकडो ठशांसह. विभाग काय? बौद्ध, जैन, द्रविडी आणि शेवटी ‘इंडियन सॅरसेनिक’. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरचा विजापूरचा गोलघुमट त्या शेवटच्या खणात गेला. खरं तर फर्ग्युसन त्या घुमटावर फिदा होता. एका घुमटाखाली 18,225 चौरस फूट जागा, रोमच्या पँथिऑनपेक्षा जास्त, हा हिशेब त्यानंच मांडला. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी तो एवढा भार कसा पेलतात हे त्याच्या छेदचित्रात इतकं स्वच्छ दिसतं की स्ट्रक्चर शिकणाऱ्या पोरांना आजही दाखवावं. हा प्रश्न भूमितीचा आणि वजनाचा आहे. खणावरची चिठ्ठी मात्र धर्माची.

मी दिवसभर डेटाबेसशी झटापट करतो, त्यामुळे मला हे असं दिसतं: एकोणिसाव्या शतकात कुणीतरी टेबल बनवलं आणि ‘धर्म’ हा रकाना प्रायमरी की केला. ज्यांनी केलं ते सगळे द्वेष्टे नव्हते, काहींचं तर प्रेम होतं. पण टेबल एकदा पक्कं झालं की पुढचा प्रत्येक जण त्याच रकान्यांत माहिती भरतो, नि शंभर वर्षांनी सगळ्यांना वाटतं की जगच असं आहे. गंमत म्हणजे ओवेन जोन्सच्या पुस्तकात ‘इंडियन’ आणि ‘हिंदू’ अशी दोन वेगळी प्रकरणं आहेत. ‘इंडियन’मधली नक्षी 1851 आणि 1855 च्या प्रदर्शनांतल्या कापडांवरून आणि धातूकामावरून घेतलेली. ती विणणाऱ्यात, ठोकणाऱ्यात कोण मोमीन होता आणि कोण साळी हे आज कुणीही वेगळं काढून दाखवू शकणार नाही. त्या एका प्रकरणात तरी आपण एकत्र होतो.

बिदरीचं उदाहरण घ्या. तिच्या जन्माच्या दोन कथा चालतात. एकीत हिंदू राजा पूजेच्या फुलांसाठी पात्र घडवून घेतो, दुसरीत बहमनी काळात इराणहून उस्ताद येतो. सोशल मीडियावर यावरून तासभर भांडता येतं. पण जस्तात थोडं तांबं मिसळून ओतकाम करायचं, मोरचुदाच्या पाण्यानं पृष्ठभाग काळवंडवून त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या मातीच्या द्रावणात बुडवून धातू कायमचा काळा करायचा, हे ज्याला येतं त्याच्याकडे कुणी जात नाही. 2023 मध्ये बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कितीतरी जणांनी बिदरीच्या वस्तूबरोबर कारागिराचं नाव प्रथमच वाचलं असेल.

आणि आता सोलापूर. 1877 साली, दुष्काळाच्या ऐन माऱ्यात, इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, आपण तिला जुनी मिल म्हणतो. हातमाग त्याआधीचे: पद्मशाली, कोष्टी, साळी, मोमीन. माझे दादा मागावर बसायचे. त्यांच्या बोलण्यात धोटा, कांडी, ताणा-बाणा हे शब्द इतके सहज यायचे की मला लहानपणी ते आपल्या घरचेच वाटायचे. मग शेजारच्या तेलुगू घरातला माग पाहिला आणि कळलं की मागाला घर कुणाचं हे माहीत नसतं.

सोलापुरी चादरीवरचा मोर ज्या जेकार्डवर उठतो, तो जेकार्ड भोक पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चालतो. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. यातूनच कल्पना घेऊन चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला पत्त्यांनी हुकूम द्यायचं ठरवलं. बॅबेजकडे एक चित्र होतं, 1839 मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात तयार झालेलं जोसेफ मारी जेकार्डचं. येणारे पाहुणे त्याला कोरीव ठशाचं छापचित्र समजत. प्रत्यक्षात ते रेशमात विणलेलं होतं, 24,000 पत्ते वापरून. चित्रात जेकार्ड खुर्चीत बसलाय, हातात कंपास, भोवती हत्यारं, मागाची प्रतिकृती. विणकराचा मुलगा, पण त्याला चेहरा आहे, नाव आहे, बसायला खुर्ची आहे. आपल्याकडच्या विणकराच्या त्या काळातल्या चित्रांखाली बहुतेक वेळा त्याची जात किंवा धंदा लिहिलेला असतो. माणूस म्हणजे नमुना.

अपवाद आहेत. 1886 च्या लंडनमधल्या प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगात शिकून तयार झालेले कारागीर नेले होते. राणीनं रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांची चित्रं काढून घेतली, नावांसकट. त्यातल्या म्हाताऱ्या कुंभाराचं नाव बक्षीराम. पण नाव नोंदलं जायला राणीच्या दालनापर्यंत पोचावं लागलं.

माझे एक मित्र म्हणतात, ही सगळी लुटीची चित्रं, बघायची कशाला? त्यांचं म्हणणं उगाच नाही. फोर्ब्स वॉटसननं 1866 मध्ये भारतीय कापडाचे 700 तुकडे 18 खंडांत चिकटवले. असे 20 संच केले, 13 ब्रिटनमध्ये वाटले, 7 भारतात पाठवले. हेतू उघड होता: इथला ग्राहक काय नेसतो हे तिकडच्या गिरणीवाल्याला कळावं. कारागिराच्या पोटावर पाय देण्यासाठी त्याच्याच कापडाचा कॅटलॉग! तरीही मी ते बघणार. कारण पगडीची लांबी, काठाची रुंदी, धाग्याची वीण हे तिथे नोंदलेलं आहे, आणि आपण ते नोंदलेलं नाही. राग धरून ती पोकळी भरत नाही.

आज हाच नमुना वेगळ्या छपाईत चालू आहे. चित्रं बनवणाऱ्या एआयला ‘मुस्लिम विणकर’ म्हणा, टोपी आणि दाढी आधी येईल, माग नंतर, आणि मागाचे धागे हवेत लटकत असतील. आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर आपणही वारसा म्हटलं की मिनार दाखवतो, नदाफांची धनुकली दाखवत नाही. मोमीन, नदाफ, मन्यार, अत्तार ही आपली आडनावंच हत्यारांची आणि कामांची यादी आहेत. तरुणांनी ती लपवू नयेत, उघडावीत.

काही जण सुचवतात की नोंद करताना धर्माचा रकानाच नको. मला ते पटत नाही. आजच्या हवेत तो रकाना काढला तर मुसलमान कारागीर यादीतून गळण्याचीच शक्यता जास्त. रकाना असावा, पण सहावा-सातवा. आधी माणसाचं नाव, मग वस्तू, हत्याराचं स्थानिक नाव, गाव-मोहल्ला, कुणाकडून शिकला, कुणाला शिकवलं. स्त्रियांची नावं विसरू नका, कांड्या भरणाऱ्या आजीशिवाय माग एक इंचही चालला नसता. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, घरात दखनी बोलत असाल तर तो शब्दही लिहा. विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्यानं टाका, म्हणजे उद्या छापखान्यातल्या पोरानं ‘सोलापूर’ टाइप केलं तरी त्याला काहीतरी सापडेल. आणि फोटो काढताना हत्याराशेजारी एक फूटपट्टी ठेवा, त्याशिवाय माप कळत नाही.