अकरा रन कमी पडले तेव्हा मी छप्पनवर होते

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. होळकर स्टेडियमवर मध्य प्रदेश विरुद्ध बंगाल या रणजी सामन्याचा चौथा आणि शेवटचा दिवस. आपल्याला जिंकायला ३३८ धावांचं लक्ष्य होतं. आजोबा आणि मी पोहे-जलेबी खाऊन सकाळीच जाऊन बसलो. स्टँडमध्ये जी काही माणसं होती, त्यातली बरीचशी मोहम्मद शमीला बघायला आलेली. दुखापतीनंतर जवळजवळ वर्षभराने तो खेळत होता. तो बाउंड्रीजवळ आला की सगळे मोबाइल वर. आपला बॅट्समन चौका मारायचा तेव्हा टाळ्या वाजवणारे आम्ही मोजके.

मग विकेट पडत गेल्या. माझी मैत्रीण छप्पन दुकानवर वाट बघत होती, तिचे मेसेज येत होते. मला वाटलं, झालं आता, संपलंच. मी उठले. आजोबा म्हणाले, "थांब ना गं, अभी मॅच बाकी है." मी म्हटलं, "आजोबा, हरलोच आहोत आपण." ते काही बोलले नाहीत. मी गेले.

कॉफी समोर आली तेव्हा फोनवर स्कोअर बघितला. मध्य प्रदेश सर्वबाद ३२६. बंगाल ११ रननी विजयी. शेवटची जोडी मैदानात असताना आजोबा तिथे एकटे बसले होते आणि मी छप्पनवर साखर ढवळत होते. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चांगली मॅच झाली." मला त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

हा लेख त्या दिवसाबद्दल आहे, आणि आपल्या सगळ्यांबद्दलही. कारण मला वाटतं, आपला संघ २०२४-२५ च्या मोसमात हरला त्यापेक्षा आपण प्रेक्षक म्हणून जास्त वाईट हरलो.

आधी मोसमाचा हिशोब. २०२४-२५ च्या रणजीत मध्य प्रदेश क गटात होता. त्या गटातून हरियाणा आणि केरळ पुढे गेले, आपण बाद फेरीतसुद्धा पोचलो नाही. हाच संघ २०२२ मध्ये चॅम्पियन होता. २०२३ मध्ये सेमीफायनलला, इथेच इंदूरमध्ये, बंगालकडून ३०६ धावांनी हरला. २०२४ मध्ये पुन्हा सेमीफायनल, नागपूरला, विदर्भाकडून ६२ धावांनी हार. आणि मग गटातच गारद. म्हणजे चॅम्पियनपदापासून खालीच उतरत गेलो.

पण जरा जवळून बघा. जानेवारी २०२५ मध्ये आपण तिरुवनंतपुरमला केरळशी खेळलो. केरळसमोर ३६३ धावांचं लक्ष्य होतं आणि ते ८ बाद २६८ वर कसेबसे वाचले. दोन विकेट मिळाल्या असत्या तर आपण जिंकलो असतो. तेच केरळ पुढे क्वार्टरफायनलला जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात एका धावेची आघाडी घेऊन पुढे सरकलं, सेमीफायनलला गुजरातविरुद्ध दोन धावांची आघाडी घेऊन, आणि थेट फायनलला पोचलं. कुणाला एक रन पुरतो, कुणाला अकरा रन कमी पडतात. हे बघितल्यावर "आपली टीम बेकार आहे" असं चहाच्या टपरीवर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

मधल्या काळात आणखी एक हार झाली. १५ डिसेंबरला बेंगळुरूमध्ये मुश्ताक अली ट्रॉफीची फायनल होती, टी-ट्वेंटीची. रजत पाटीदारने ४० चेंडूंत नाबाद ८१ केल्या, तरी मुंबईने पाच विकेटनी जिंकलं. ज्यांच्या नावाने ही ट्रॉफी आहे ते सैयद मुश्ताक अली इंदूरचेच. परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय, १९३६, मँचेस्टर. आमच्या वर्गात मी विचारलं, मुश्ताक अली कुठले? एकालाही सांगता आलं नाही.

आता शहरात चर्चा कशाची होती ते सांगते. बंगालच्या सामन्यानंतर आठ दिवसांनी आयपीएलचा लिलाव झाला. आपल्या वेंकटेश अय्यरला कोलकाताने २३ कोटी ७५ लाखांना घेतलं. कॉलेजच्या कँटीनपासून राजवाड्यापर्यंत तोच विषय. ११ रनचं नाव कुणी काढलं नाही. आणि ३ जून २०२५ च्या रात्री पाटीदारच्या कप्तानीखाली बेंगळुरू पहिल्यांदा आयपीएल जिंकली तेव्हा "आपला इंदूरचा पोरगा" म्हणून सगळ्यांचे स्टेटस लागले. माझाही लागला, खोटं कशाला बोलू? आनंद खराच होता. पण हाच आपला पोरगा आपल्याच शहराच्या मैदानावर आपल्याच राज्याकडून चार दिवस खेळत असतो, फुकट बघता येतो, तेव्हा आपण कुठे असतो?

आपण रणजी संघाकडे नर्सरीसारखं बघायला लागलो आहोत. रोप मोठं झालं की दुसऱ्याच्या अंगणात लावायचं आणि फुलं आली की फोटो काढायचा. संघ म्हणून त्याला काही स्वतःचं आयुष्य आहे, त्याच्या हरण्या-जिंकण्याला अर्थ आहे, हे आपण विसरलोय.

माझे आजोबा हे विसरू शकत नाहीत, त्याला कारण आहे. पणजोबा नगर जिल्ह्यातून इंदूरला मिलमध्ये कामाला आले. आजोबा इथेच जन्मले. दहा वर्षांचे असताना त्यांनी इंदूरमध्ये १९५४-५५ ची रणजी फायनल बघितली, होळकर विरुद्ध मद्रास. होळकर ४६ धावांनी हरले. तो होळकर संघाचा शेवटचा मोसम. राज्यंच बदलत होती, तेव्हा संघही बदलला. आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश. आजोबांच्या लक्षात स्कोअर नाही, पण घरी परतताना पणजोबा अख्खा रस्ता गप्प होते, हे लक्षात आहे.

होळकर संघाचा आपल्याला फार अभिमान. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी नावं घेतली की जुनी मंडळी ताठ बसतात. चार वेळा रणजी जिंकली हे सगळे सांगतात. मी मुद्दाम सगळा हिशोब काढला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकरांनी दहा फायनल खेळल्या. त्यातल्या चार जिंकल्या आणि सहा हरल्या. पहिल्याच फायनलमध्ये डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद २४९ केल्या आणि तरीही मुंबई जिंकली. पुढच्याच मोसमात याच संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, एका डावात सहा शतकं, आणि ट्रॉफी आणली. म्हणजे ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्यातसुद्धा फायनलला जाऊन हरणंच जास्त होतं. पणजोबांसारखी मिलमधली माणसं तरीही परत परत जात होती.

आणि संघ नाहीसा होऊ शकतो, हेही आपल्याच शहराने बघितलं आहे. ही काही जुन्या काळापुरती गोष्ट नाही. मी गेल्या वर्षी अमेरिकेतल्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाबद्दल वाचलं. १९६८ पासून तो ओकलंडमध्ये होता. २०२३ मध्ये १६२ पैकी ११२ सामने हरला. मालकांनी लास व्हेगासला जायचं ठरवलं. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला, तेव्हा ४६ हजारांवर लोक आले आणि रडले. आता संघ तात्पुरता सॅक्रामेंटोला खेळतो. तिथे प्रेक्षकांचा राग मालकावर होता, आणि तो मला समजतो. आपल्याकडे रणजी संघाला असा मालक नाही, त्यामुळे संघ उचलून कुणी नेणार नाही. पण रिकाम्या स्टँडसमोर वर्षानुवर्षं खेळणारा संघ शहरातून गेल्यासारखाच असतो. आणि त्याच्यासाठी निरोपाची गर्दीसुद्धा होणार नाही.

२०२२ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फायनल आपली मुंबईशी, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर. यश दुबे, शुभम शर्मा आणि पाटीदार, तिघांची शतकं. २६ जूनला आपण सहा विकेटनी जिंकलो आणि मध्य प्रदेशला पहिली रणजी मिळाली. तो रविवार होता. सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्ही चार-पाच जण एकाच फोनवर डोकी घालून उभे होतो. तेवढ्यात मुंबईच्या आत्याचा फोन आला. "काय गं, आपण मराठी माणसं आणि तू मुंबईच्या विरुद्ध?" मी गडबडले. उत्तर आजोबांनी दिलं, फोन हातात घेऊन. "अगं, भाषा घरची असते आणि टीम गावची असते. तुझं गाव मुंबई, आमचं गाव इंदूर." आत्या हसली. मला मात्र ते वाक्य पुरून उरलं. इंदूरच्या मराठी मुलांना सारखं कुणीतरी विचारत असतं की तुम्ही नक्की कुठले? होळकरांच्या शहरात राहूनसुद्धा विचारतात. त्या दिवशी मला सोपं उत्तर सापडलं: ज्या संघाची हार आपल्याला लागते, त्या गावचे आपण.

आणि त्या विजयामागेही एक हार होतीच. १९९९ मध्ये याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेश फायनल खेळला. पहिल्या डावात ७५ ची आघाडी होती, तरी कर्नाटककडून ९६ धावांनी हरला. तेव्हा कप्तान चंद्रकांत पंडित. २३ वर्षांनी तेच प्रशिक्षक म्हणून उभे होते आणि जिंकल्यावर त्यांना रडू आवरेना. आम्ही ते बघून भावुक झालो, पण त्या रडण्याचा अर्थ खऱ्या अर्थाने त्यांनाच कळला असणार, ज्यांना १९९९ आठवत होतं. मला नव्हतं आठवत, मी जन्मलेच नव्हते. माझ्या वाट्याला १९९९ नाही, पण १६ नोव्हेंबर २०२४ आहे. होता, म्हणजे. मी तो अर्धाच बघितला.

आता दुसरी बाजू. मी हे सगळं मैत्रिणीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "यार, प्रॅक्टिकल बोल. चार दिवस मॅच कोण बघणार? अटेंडन्स आहे, असाइनमेंट आहेत, ट्यूशन आहेत. आणि प्लेअर्सना आयपीएलमध्ये पैसा मिळतो तर चांगलंच आहे ना?" तिचं चूक नाही. खेळाडूंना पैसा मिळू दे, भरपूर मिळू दे. रणजीचा मोसम आता दोन तुकड्यांत होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग जानेवारी-फेब्रुवारी. मधल्या टी-ट्वेंटीत गोष्टीचा धागाच तुटतो, हेही खरं. सामना कधी आहे हे आपल्याला कुणी घरी येऊन सांगत नाही. पण आयपीएलचं तरी कोण सांगतं? ते आपण शोधून काढतो. आणि चार दिवस कुणी मागत नाहीये. चार तास पुरे आहेत.

म्हणून आपल्या मराठी मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. ऑक्टोबरपासून नवा मोसम सुरू होईल. इंदूरमध्ये जितके रणजी सामने होतील, त्या प्रत्येकाला एक दिवस आपण जायचं. वीस जण आले तरी चालेल. रेसकोर्स रोड काही लांब नाही. तारखा कळल्या की त्या नोटीस बोर्डावर लावायचं काम माझं. जाताना वही घ्या, आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, रिकाम्या स्टँडमध्ये लिहायला जेवढी शांतता मिळते तेवढी लायब्ररीतही मिळत नाही. आणि जमलं तर घरातलं एक म्हातारं माणूस बरोबर आणा. त्यांच्याकडे ऐकण्यासारखं खूप असतं आणि विचारणारं कुणी नसतं.

अट एकच. संघ हरायला लागला म्हणून मधेच उठायचं नाही.

परवा आजोबांना हा लेख वाचून दाखवला. छप्पनचा भाग आला तेव्हा मी थोडी अडखळले. ते म्हणाले, "लिहिलंस ते ठीक. शेवटची विकेट कशी गेली ते विचारलंच नाहीस कधी."

मग मी विचारलं. त्यांनी अर्धा तास सांगितलं.