गोदावरीची भाऊबंदकी

ज्या वर्षीं सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस हात आखडता घेतो, त्या वर्षीं दिवाळीच्या आगेंमागें महाराष्ट्रांत एक कलह हटकून उपस्थित होतो. नाशिक व अहिल्यानगर म्हणतात, "आमचें पाणी आम्ही सोडणार नाहीं", मराठवाडा म्हणतो, "आमच्या हक्काचें पाणी आम्हांस द्या." सभा होतात, न्यायालयाचीं दारें ठोठावलीं जातात आणि अखेर मोठ्या नाखुषीनें धरणांचे दरवाजे उघडतात. उभय पक्षांच्या तोंडीं असणारा हा 'आमचें' शब्दच सगळ्या अनर्थाचें मूळ आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पैठणास पोहोंचेपर्यंत ती आणि तिच्या उपनद्या मनुष्यानें जागोजाग अडविल्या आहेत. नाशिकच्या वर गंगापूर; दारणा नदीवर १९१६ सालचें दारणा धरण; त्यांच्या खालीं नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा; प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदरा व त्याखालीं निळवंडे; मुळेवर राहुरीजवळचें मुळा धरण; आणि सर्वांच्या शेवटीं १९७६ सालचें जायकवाडी, म्हणजे नाथसागर. नाशिककरांची तहान, द्राक्षांचे मळे, कोपरगांव व राहात्याकडील कालव्यांवरचा ऊस, सारें या पाण्यावर चालतें. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोहि याच पाण्याच्या बळावर. नांदूरमध्यमेश्वरच्या गाळानें उथळ झालेल्या पाण्यावर तर पक्ष्यांचें एवढें संमेलन भरतें कीं, २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ होण्याचा मान त्यास मिळाला. इकडे छत्रपति संभाजीनगर व जालना हीं शहरें, तेथील कारखाने आणि कालव्यांखालचीं शेतें नाथसागराकडे डोळे लावून बसलेलीं असतात.

नदी एक, पाणी एक; हिशेब मात्र ज्याचा त्याचा निराळा. जायकवाडीची आखणी झाली तेव्हां पैठणपर्यंतच्या खोऱ्यांत चारांपैकीं तीन वर्षीं सुमारें १९६ अब्ज घनफूट पाणी मिळेल, असें गृहीत धरलें होतें. (वर्तमानपत्रें ज्यास टीएमसी म्हणतात तें हेंच माप.) त्यांतलें सुमारें ११५ वरच्या भागास व ८१ पैठणास, अशी वांटणी ठरली. कागदावर ती मोठी सुबक दिसली. परंतु पाऊस कांहीं कागद वाचून पडत नाहीं. येवा अंदाजाहून कमी असल्याचा अनुभव आला, तरीहि वरच्या भागांत सांठे वाढत गेले आणि खालीं नाथसागराच्या भरवशावर नव्या मागण्या उभ्या राहिल्या. आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

टंचाई सर्वांनीं सारखी सोसावी, हें तत्त्व २००५ सालच्या जलसंपत्ति नियमन कायद्यानें मान्य केलें. त्याला धरून २०१४ सालीं आदेश निघाला कीं, १५ ऑक्टोबरास जायकवाडींत खरिपाचा वापर धरून उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांहून कमी भरल्यास वरच्या धरणांनीं पाणी सोडावें. उच्च न्यायालयानें २०१६ सालीं हें तत्त्व उचलून धरलें. तदनुसार २०१५ सालीं १२.८४, २०१८ सालीं ८.९९ आणि २०२३ सालीं ८.६ अब्ज घनफूट सोडण्याचे आदेश झाले. ही टक्केवारी खालीं आणावी, अशीहि शिफारस पुढें झाली. आमच्या मतें टक्केवारीचा वाद दुय्यम आहे. खरा घात तारखेंत आहे. २०२३ सालीं आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि पाणी सुटण्यास नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडला. तोंवर नदीचें पात्र तापून कोरडें पडतें. सोडलेल्या पाण्यांतलें कांहीं तीं वाळू पिते, कांहीं कांठचे पंप ओढतात, आणि उरेल तें पैठणास पोहोंचतें. देणाऱ्याच्या हातून गेलें, घेणाऱ्याच्या पदरीं पडलें नाहीं! तेंच पाणी भाद्रपदांत, नदी वाहती असतां सोडलें असतें तर इतकी नासाडी खास झाली नसती.

वरच्या शेतकऱ्याची कैफियत अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गोदावरीच्या जुन्या कालव्यांवरील गांवांनीं शंभर वर्षांचा संसार त्या पाण्यावर मांडला आहे, आणि शहरांचें पिणें व कारखाने यांचा वांटा वाढला कीं पहिली कात्री त्यांच्याच आवर्तनास लागते. परंतु तहानलेल्या शहराकडे बोट दाखवून उसाचें पाणी झांकण्याची युक्ति आतां पुरे. मराठवाड्यानेंहि स्वतःस निर्दोष समजूं नये. पिण्याच्या पाण्यासाठीं टाहो फोडावयाचा आणि पाणी हातीं येतांच ऊस लावावयाचा, हा व्यवहार तेथेंहि चालतो. साडेतीनशें चौरस किलोमीटरांचा नाथसागर पसरट व उथळ आहे. उन्हाळ्यांत सूर्य त्याच्यावर जो कर बसवितो, त्याविरुद्ध कोणत्याहि न्यायालयांत दाद लागत नाहीं.

पश्चिमवाहिनी नद्यांचें पाणी घाट चढवून आणूं, मग सारें सुरळीत होईल, अशी आशा पुढारी अधूनमधून दाखवितात. आणा, अवश्य आणा! पण त्या दूरच्या पाण्याच्या भरवशावर आजच्या पाण्याचा हिशेब लांबणीवर कां टाकावा?

आमची मागणी साधी आहे. गंगापूरपासून पैठणपर्यंतचे सर्व जलाशय एकच सांठा समजून त्यांची एकच खातेवही असावी, आणि ती दर आठवड्यास लोकांपुढें मांडावी. तुटीच्या वर्षींची वांटणी पावसाळा चालू असतांनाच करावी. अशा वर्षीं वर काय आणि खालीं काय, कालव्याचें पाणी उसास मिळूं नये. ज्यास ऊस हवा त्यानें ठिबकानें व स्वतःच्या विहिरीच्या बळावर तो जगवावा. शहरांनीं आपलें सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांस द्यावें.

घरांत वांटण्या झाल्या तरी विहीर सामाईक ठेवण्याचा शहाणपणा आपल्या खेड्यांतील अडाणी म्हणविणाऱ्या भावांनीं पिढ्यानपिढ्या दाखविला आहे. सुशिक्षितांच्या राज्यांत गोदावरीच्या वांट्यास तेवढाहि शहाणपणा येऊं नये, याची लाज नाशिकास वाटली पाहिजे, अहिल्यानगरास वाटली पाहिजे, आणि छत्रपति संभाजीनगरासहि वाटली पाहिजे.